रिचार्जचा खड्डा दर जुलैत तुंबतो? खणण्याआधी पाणी कुठे अडतंय ते बघा

तक्रार सहसा अशी येते: जूनमध्ये सगळं सुरळीत चालतं, गच्चीचं पाणी पाइपातून उतरतं, रिचार्जच्या, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्यात जातं आणि मुरतं. जुलैचा दुसरा-तिसरा आठवडा उजाडला की खड्डा तोंडापर्यंत भरतो, झाकणाच्या फटीतून पाणी पार्किंगमध्ये पसरतं, आणि बोअर सुरू केला की नळाला तांबूस, गढूळ पाणी येतं. मग सेक्रेटरी प्लंबरला बोलावतात. तो खड्डा उपसतो, वाळू बदलतो, बिल देतो. पुढच्या जुलैत पुन्हा तेच, फक्त बिलाचा आकडा वाढलेला.

मी पुणे आणि आसपासच्या सोसायट्यांबद्दल लिहितोय. बहुतेक ठिकाणी मूळ दोष खड्ड्यात नसतो. तो वर गच्चीत असतो, मधल्या पाइपात असतो किंवा खाली खडकात असतो. खड्डा मध्ये सापडतो आणि मार खातो.

एकाच लक्षणामागे तीन वेगळे आजार असू शकतात. खड्ड्यातल्या गाळणीच्या वाळूवर गाळ बसल्यामुळे पाणी आत उतरत नाही, हा पहिला. पाणी आत उतरतं पण खालची जमीन ते घेत नाही, हा दुसरा. आणि सगळं ठीक असूनही तासाभरात खड्ड्याला पेलणार नाही इतकं पाणी येतं, हा तिसरा. तिन्हींवर इलाज वेगळा आहे. कोणता आजार आहे ते न बघता वाळू बदलली की पैसे पाण्यात जातात, तेही अक्षरशः.

ओळखायचं कसं? त्यासाठी खड्ड्यात एक निरीक्षण पाइप लागतो. दोन-तीन इंची पीव्हीसी पाइप, खालच्या भागाला भोकं पाडलेला, वरून तळापर्यंत उभा. तुमच्याकडे नसेल तर पुढच्या वेळी वाळू-खडी बाहेर काढाल तेव्हा हा पाइप आधी उभा करा, मगच भरणी करा. थोड्या पैशांचा तुकडा असतो, पण वर्षानुवर्षांचा वाद मिटवतो.

जोरदार पाऊस थांबला की तीन-चार तासांनी झाकण उघडा. वाळूवर पाणी साचलंय, पण पाइपात काठी बुडवली तर ती कोरडी किंवा नुसती टोकाला ओली निघते? मग वाळूचा वरचा थर बंद झालाय, खाली जागा आहे. पाइपातलं पाणी आणि बाहेरचं पाणी एकाच पातळीला आहे? तर वाळू निर्दोष आहे, आता तळ पाणी घेतोय की नाही ते बघायचं. भिंतीवर खडूने रेघ ओढा आणि सकाळी परत बघा. रात्रीतून पाणी उतरलं असेल तर आजार तिसरा, म्हणजे खड्डा लहान पडतोय. जेमतेम दोन बोटं उतरलं असेल, तर दुसरा.

पहिला आजार सगळ्यात जास्त दिसतो, म्हणून त्यावर जरा सविस्तर.

गाळ येतो कुठून? पहिला संशय गच्चीवर. जुना ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) भुसभुशीत झालेला असतो, वॉटरप्रूफिंगचे पापुद्रे सुटलेले असतात, हौशी मंडळींच्या कुंड्यांमधली माती पावसाबरोबर वाहते, आणि कबुतरांचं तर बोलायलाच नको. पण एक गोष्ट हटकून नजरेतून सुटते. ओव्हरहेड टाकी धुणारी माणसं तळाचा गाळ थेट गच्चीवर सोडतात. तो त्याच पाइपातून खड्ड्यात येतो. वर्षातून दोनदा टाकी धुतली जात असेल, तर दोनदा तुम्ही स्वतःच्या हाताने खड्डा बुजवताय. टाकी धुताना पाइपाचं तोंड जुन्या पोत्याने बंद करा आणि गाळ बादलीने खाली आणा. टाकी धुणारे कुरकुर करतील, करू द्या.

दुसरा संशय पाइपांच्या जोडण्यांवर. नकाशात गच्चीचं पाणी वेगळं, पोडियमचं (पार्किंगवरच्या मोकळ्या स्लॅबचं) वेगळं आणि सांडपाणी वेगळं दाखवलेलं असतं. प्रत्यक्षात पंधरा वर्षांत कोणी काय कुठे जोडलं याचा पत्ता नसतो. विशेषतः ड्राय बाल्कनी. वॉशिंग मशीनची जागा बदलली की तिचा पाइप जवळच्या पावसाळी पाइपाला जोडून टाकणं प्लंबरला सर्वात सोपं वाटतं. कर्वेनगरातल्या एका सोसायटीत खड्ड्याचं झाकण उचललं तर वर वीतभर फेस, भर मे महिन्यात. पाऊस नाही, खड्डा मात्र ओला. त्या दिवशी शोध लागला तो किराणा दुकानातल्या निळीच्या बाटलीने. एकाने गच्चीवर एकेका तोंडात निळीचं पाणी ओतायचं, दुसऱ्याने खाली चेंबरपाशी उभं राहायचं आणि फोनवर विचारायचं, "आलं का?" मग मजल्यामजल्यावर जाऊन ड्राय बाल्कनीच्या जाळीत. चौथ्या मजल्यावरची नीळ रिचार्जच्या चेंबरमध्ये उतरली आणि सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तो फ्लॅट समितीतल्याच एका सदस्याचा होता, हे वेगळं.

ही निळीची तपासणी एका सकाळी होते. करताना कागदावर नकाशा काढा: कोणतं तोंड, कोणता पाइप, कोणतं चेंबर. त्याचे फोटो सोसायटीच्या फाइलमध्ये ठेवा. पुढची समिती दुवा देईल.

पार्किंग, बाग आणि ड्राइव्ह-वेचं पाणी रिचार्जला जोडलेलं असेल तर ते तोडा. या मुद्द्यावर माझं मत ठाम आहे. बागेची लाल माती गाळ वाढवते हा भाग झालाच, पण पार्किंगच्या पाण्यात ऑइल असतं, आणि ते एकदा बोअरमध्ये उतरलं की बाहेर काढायचा सोपा मार्ग नाही. ते पाणी पावसाळी गटारात किंवा झाडांच्या आळ्यात जाऊ द्या. बोअरला फक्त गच्चीचं पाणी.

आता भरणीबद्दल. केंद्रीय भूजल मंडळाच्या मार्गदर्शिकेत क्रम स्पष्ट दिलाय: तळाला ५ ते २० सेंटीमीटरचे दगड, मधे ५ ते १० मिलिमीटरची खडी आणि सगळ्यात वर दीड-दोन मिलिमीटर दाण्याची जाड वाळू. वाळू वर ठेवायचं कारण साधं आहे. गाळ वरच अडला पाहिजे, म्हणजे खरवडून काढता येतो. तो खाली दगडांत शिरला की पूर्ण खड्डा रिकामा केल्याशिवाय सुटका नाही. पण नदीची वाळू आता सहज मिळत नाही, म्हणून बरेच जण क्रश सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळू टाकतात. न धुतलेल्या क्रश सँडमध्ये दगडाची पावडर भरपूर असते. पहिल्याच पावसात ती खाली बसते आणि वरून नवी कोरी दिसणारी वाळू आतून सिमेंटसारखी घट्ट होते. टाकण्याआधी घमेलंभर वाळू पाण्यात ढवळा. पाणी पांढुरकं झालं तर ती धुतल्याशिवाय टाकू देऊ नका. ठेकेदार म्हणेल, "साहेब, पाऊस धुऊन टाकेल." पाऊस धुतो खरा, फक्त पावडर खड्ड्याच्या तळाशी नेऊन ठेवतो.

वाळू आणि खडीच्या मधे नायलॉनची जाळी हवी, नाहीतर वाळू हळूहळू खडीत ओघळते. काही ठिकाणी मधे जाड जिओटेक्स्टाइल कापड अंथरलेलं असतं. ते गाळ छान धरतं, पण वाळूखाली गेल्यावर धुता येत नाही आणि दोन-तीन पावसाळ्यांत चामड्यासारखं होतं. मी साध्या जाळीच्या बाजूने आहे.

दुरुस्तीला पूर्ण खड्डा उपसायची गरज क्वचितच पडते. मे महिन्यात वरची चार ते सहा इंच वाळू खरवडून काढा, घमेल्यात धुवा, परत टाका, तुटीपुरती नवी घाला. दोन माणसांचं एका दिवसाचं काम. हे दरवर्षी झालं तर खालच्या थरांना हात लावायची वेळ बऱ्याच वर्षांनी येते.

पण वाळूवर येणारा गाळच कमी करायचा असेल तर खड्ड्याच्या आधी गाळटाकी हवी. दोन कप्प्यांचं चेंबर: पाणी पहिल्या कप्प्यात येतं, मधल्या भिंतीवरून दुसऱ्यात जातं, आणि तिथून वरच्या अंगाला काढलेल्या पाइपाने खड्ड्यात. बाहेर जाणारा पाइप तळाशी ठेवला तर चेंबर असून नसल्यासारखं, आणि असं मी चिकार ठिकाणी पाहिलंय. शिवाय पाइपाच्या पायथ्याशी पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायला व्हॉल्व्ह असावा. पुस्तकात लिहिलेलं असतं की प्रत्येक कोरड्या खंडानंतर पहिला एक-दोन मिलिमीटर पाऊस वाया घालवा, म्हणजे दर शंभर चौरस मीटर गच्चीमागे शंभर-दोनशे लिटर. प्रत्यक्षात रात्री अडीचला पाऊस आला तर व्हॉल्व्ह फिरवायला कोणी उठत नाही. निदान जूनच्या सुरुवातीचे दोन-तीन दमदार पाऊस व्हॉल्व्ह उघडा ठेवून बाहेर जाऊ द्या आणि मग तो बंद करा. वॉचमनला हे मराठीत किंवा हिंदीत लिहून द्या, व्हॉल्व्हच्या शेजारीच चिकटवा.

पाइपालाच जोडलेले तयार फिल्टर ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्याकडे लक्षण उलटं दिसतं. आतली जाळी बंद झाली की पाणी बाजूच्या निकासातून गटारात जातं, खड्डा ठणठणीत कोरडा राहतो, आणि सभेत सांगितलं जातं की यंदा काहीच तक्रार नाही. भर पावसात त्या निकासाखाली बादली धरा. भराभर भरली तर जाळी काढून ब्रशने घासा.

आता दुसरा आजार. इथे पुण्याचा खडक मधे येतो.

आपण दख्खनच्या बेसाल्टवर बसलोय. लाव्ह्याचे थरावर थर, आणि प्रत्येक थराचा स्वभाव निराळा. वरचा मुरूम पाणी घेतो. भेगाळलेला खडक घेतो. एकसंध काळा कातळ मात्र अजिबात घेत नाही. मधूनच लाल मातीचा पट्टा लागतो, तोही पाणी सहसा पुढे जाऊ देत नाही. बेसाल्टच्या दगडात पाणी फारसं राहत नाही. ते राहतं भेगांत आणि कुजलेल्या थरात. म्हणून एका इमारतीचा खड्डा रात्रीत रिकामा होतो आणि कुंपणापलीकडच्या इमारतीचा आठवडाभर तुडुंब असतो. दोघांचा ठेकेदार एकच, वाळू एकाच ट्रकमधली.

कातळात खणलेला खड्डा कितीही स्वच्छ करा, तो हौदच राहणार. उपाय दोन. खड्ड्याच्या आतच चार ते सहा इंची रिचार्ज बोअर घेऊन खालच्या भेगाळलेल्या थरापर्यंत पाणी नेणं. हा थर किती फुटांवर आहे हे अंदाजपंचे ठरवू नका. तुमचा बोअर घेणाऱ्याने कोणत्या फुटाला काय लागलं याची नोंद दिली असेल तर ती शोधा. नसेल तर भूवैज्ञानिकाला एकदा बोलवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच आहे, आणि ॲक्वाडॅमसारख्या संस्थेने या शहराच्या भूजलावर बराच अभ्यास केलाय, तेव्हा जाणकार माणूस मिळणं अवघड नाही. दुसरा उपाय म्हणजे जमिनीत मुरवण्याचा हट्ट सोडून पाणी टाकीत साठवणं. आवारात जुन्या वाड्याची किंवा शेताची विहीर असेल तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच. ती बुजवू नका, गाळ काढा, आणि गाळलेलं पाणी तिच्यात सोडा. नव्या खड्ड्यापेक्षा ती कैक पटींनी चांगली.

याच आजाराचा एक प्रकार असा आहे की जो आजारच नाही. जूनमध्ये झपाट्याने मुरणारं पाणी ऑगस्टमध्ये जागचं हलत नाही, कारण वरचा भूजलाचा थर भरलेला असतो. बोअरचं तोंड उघडून दोरीला वजन बांधून सोडा. पाणी जमिनीपासून सात-आठ फुटांवरच लागलं, तर खाली जागाच उरलेली नाही. अशा वेळी वाळू बदलायला निघालेल्या प्लंबरला चहा पाजून परत पाठवा. त्या दिवसांत गच्चीचं पाणी फ्लशच्या टाकीकडे वळवता आलं तर उत्तम, आणि बोअर बिनधास्त वापरा. वापर झाला की खाली जागा होते.

तिसऱ्या आजाराचं गणित शाळकरी आहे. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर. गच्ची ४०० चौरस मीटर असेल आणि तासाभरात ५० मिलिमीटर कोसळला, तर २०,००० लिटर. उडालेलं, भिजलेलं वजा करून सुमारे १७,००० खड्ड्यापर्यंत येतात. दोन मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा वरपर्यंत दगड-वाळूने भरलेला असेल तर पोकळी साधारण चाळीस टक्के धरा, म्हणजे ३,२०० लिटर. पंधरा मिनिटांच्या आत तो भरणारच. हा बिघाड नाही. इथे हवा ओव्हरफ्लो: झाकणाच्या खाली वीतभर, चार-सहा इंची पाइप, थेट पावसाळी गटाराकडे उतार देऊन. बऱ्याच खड्ड्यांना तो नसतोच. असलाच तर गटाराच्या पातळीच्या खाली असतो आणि जोराच्या पावसात गटाराचं पाणी उलट आत घेतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा काठच्या सोसायट्यांनी आवारात घुसलेलं पाणी पाहिलंय. तसलं पाणी बोअरपर्यंत पोचू नये, म्हणून ओव्हरफ्लोवर एकमार्गी झडप बसवा आणि बोअरची केसिंग (बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाइप) जमिनीपासून निदान दीड-दोन फूट वर घ्या.

गच्चीवरही हेच गणित लागतं. चार इंची पाइप ताशी १०० मिलिमीटरच्या पावसात जेमतेम ४० चौरस मीटर गच्चीचं पाणी नेऊ शकतो. एक पाइप पानांनी बंद झाला की शेजारच्यावर दुप्पट भार येतो आणि वरच्या मजल्याच्या छताला ओल धरते. मग दोष वॉटरप्रूफिंगला.

गढूळ बोअरचा प्रश्न थोडा वेगळा आहे. पाऊस पडल्यावर काही तासांतच पाणी गढूळ होत असेल, तर ते खडकातून गाळून आलेलं नाही, कुठल्यातरी आडवाटेने घुसतंय. सर्वात नेहमीची वाट म्हणजे केसिंगच्या बाहेरची पोकळी. बोअर घेताना ती नीट भरलेली नसते आणि वरची माती त्यातून खाली ओघळते. केसिंगभोवती दोन-तीन फूट खणून सिमेंटने पक्कं भरून घ्या, वर उताराचा ओटा बांधा. काही जणांनी गच्चीचा पाइप कसल्याही गाळणीविना थेट बोअरमध्ये सोडलेला असतो. तो आजच काढा. गाळ भेगांमध्ये जाऊन बसला की बोअरचं पाणी कायमचं घटू शकतं. केसिंगला भोकं पाडून रिचार्ज केला असेल तर त्यावरची जाळी फाटलीय का ते बघा. हे सगळं झाल्यावर एकदा कॉम्प्रेसरने फ्लशिंग, म्हणजे हवेच्या दाबाने बोअरची धुलाई करून घ्या आणि पंप तळाला टेकलेला असेल तर पाच-दहा फूट वर उचला. क्रम महत्त्वाचा: आधी वाट बंद, मग फ्लशिंग. उलट केलंत तर महिनाभरात पुन्हा फ्लशिंगचा खर्च.

पाण्याला वास येत असेल किंवा फेस येत असेल तर रिचार्ज ताबडतोब बंद करा, निळीची तपासणी करा आणि प्रयोगशाळेत ई-कोलायची तपासणी करून घ्या. टीडीएस मीटरवर आकडा कमी आला म्हणून पाणी पिण्याजोगं झालं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्या मीटरला क्षार कळतात, जंतू कळत नाहीत. हां, पावसाचं पाणी बोअरपर्यंत पोचतंय का हे पडताळायला मीटर उपयोगी आहे: मे महिन्याचा आकडा लिहून ठेवा आणि ऑगस्टशी ताडून पाहा. बराच उतरला असेल तर रिचार्ज लागू पडतोय.

सभेत कोणीतरी हमखास विचारतं, एवढं करून मिळणार काय? पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर धरा. ४०० चौरस मीटरच्या गच्चीवरून जवळपास २ लाख ३८ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे चोवीसएक टँकर. चाळीस फ्लॅट, घरटी चार माणसं आणि माणशी १३५ लिटर या हिशोबाने ते अकरा दिवसांचं पाणी होतं. टँकरमुक्तीची घोषणा करण्याइतकं नाही, पण एप्रिल-मेमध्ये बोअर आणखी काही आठवडे तग धरतो. त्यातून महापालिकेची मिळकत करातली सवलत यंत्रणा चालू स्थितीत असेल तरच टिकते, त्यामुळे फोटोपुरता खड्डा ठेवून भागत नाही.

शेवटी कामाच्या ऑर्डरबद्दल. "खड्डा साफ करणे" एवढंच लिहून काम देऊ नका. वाळू किती इंच काढणार, धुतलेली वाळू कोण तपासणार, निरीक्षण पाइप, ओव्हरफ्लोची पातळी, गाळटाकीची सफाई, हे सगळं लिहा. प्रत्येक टप्प्याचा फोटो मागा. आणि एक चतुर्थांश पैसे पहिल्या दमदार पावसापर्यंत हातात ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदाराला बोलावून त्याच्यासमोर निरीक्षण पाइपात काठी घाला, मगच चेकवर सही करा.